आपल्या अंगणांतील हिंवाळी फूल

क्रोकस जातींतील केशर काश्मिरांत पांपोर येथें ऑक्टोबर-नोव्हेंबरांत फुलतें. त्याचा कंद छत्रपती संभाजीनगरच्या अंगणांत लावावा असें वाटणें साहजिक आहे. परंतु तेथील कडाक्याची थंडी आपण कोठून आणणार? मुलांनीं हौसेनें लावलेलें पहिलेंच रोप मेलें, तर बागेची आवड तेथेंच खुंटते. म्हणून पालकांनीं मुलांच्या हातीं शेवंती द्यावी, असें आमचें मत आहे. तीही मूळची चीनची. पण या मातींत रुळली आहे. पावसाळ्यांत तिचे फुटवे लावावे, शेंडे खुडावे. रात्र मोठी होऊं लागली कीं ती कळ्या धरते. मात्र रात्रीं दिव्याचा उजेड तिजवर पडूं देऊं नये, नाहींतर बहर लांबतो. विद्यार्थिमित्रहो, फूल कोठलें हें पाहूं नका. आपल्या अंगणांत तें सुखानें नांदेल काय, एवढेंच पाहा.