‘स्कॅर्सिटी’ या शब्दाचा अर्थ

अर्थशास्त्राच्या प्रथम वर्षाच्या वर्गात विद्यार्थ्याच्या कानी पडणाऱ्या पहिल्या काही इंग्रजी संज्ञांपैकी ‘स्कॅर्सिटी’ ही एक होय. लायोनेल रॉबिन्स यांनी 1932 साली अर्थशास्त्राची जी व्याख्या मांडली, तिचा पायाच हा शब्द आहे. गरजा अमर्याद, साधने मर्यादित, म्हणून निवड करणे भाग; या विवेचनानंतर विद्यार्थी ‘स्कॅर्सिटी म्हणजे दुर्मिळता’ असे वहीत टिपून घेतो आणि परीक्षेत तसेच लिहितो. बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हाच शब्द तहसील कचेरीतही भेटतो. तेथे त्याचे नाव ‘टंचाई’ असते. वर्गातील दुर्मिळता आणि कचेरीतील टंचाई या एकाच इंग्रजी शब्दाच्या दोन छाया आहेत, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

इंग्रजीत या विषयासाठी तीन निरनिराळे शब्द आहेत. ‘ड्रॉट’ म्हणजे अवर्षण. तो आभाळाविषयी बोलतो. ‘स्कॅर्सिटी’ म्हणजे टंचाई. तो वस्तूविषयी बोलतो. ‘फॅमिन’ हा शब्द भुकेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून तो माणसाविषयी बोलतो. मराठीतील ‘दुष्काळ’ या एका शब्दात हे तिन्ही अर्थ सामावतात, कारण वाईट काळ आला की पाऊस, धान्य आणि माणूस यांची विभागणी करीत बसण्याइतकी सवड शेतकऱ्याला नसते. कायद्याला मात्र ती विभागणी करावी लागते, आणि खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

1876 ते 1878 या काळातील भीषण दुष्काळानंतर ब्रिटिश सरकारने दुष्काळ आयोग नेमला. आयोगाच्या 1880 सालच्या अहवालानंतर ठिकठिकाणच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळाची चिन्हे कशी ओळखावीत, कामे केव्हा काढावीत, कष्ट न करू शकणाऱ्यांना अन्न कसे द्यावे, हे त्यांत नमूद होते. परक्या सरकारची कंजुषी या संहितांतही होतीच. परंतु ‘फॅमिन’ हा शब्द एकदा कागदावर उमटला की अधिकाऱ्यावर काही कर्तव्ये येऊन पडत, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात, 1963 साली, महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला आणि त्या जागी ‘स्कॅर्सिटी’ हा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर शासनाचे सतत लक्ष असते व टंचाईची चिन्हे दिसताच उपाय योजले जातात, तेव्हा दुष्काळाची वेळ येण्यास आता वाव उरलेला नाही, अशी त्यामागील भूमिका होती. या भूमिकेची केवळ थट्टा करणे न्यायाचे होणार नाही. 1972 च्या अवर्षणाने मराठवाडा होरपळून निघाला, तरी पूर्वीच्या दुष्काळांप्रमाणे माणसे लाखांनी मेली नाहीत. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख लोक खडी फोडण्याच्या, बंधारे व रस्ते बांधण्याच्या कामांवर होते. याच अनुभवाने रोजगार हमी योजनेला बळ मिळाले आणि तिचा कायदा 1977 साली संमत झाला. म्हणजे ‘फॅमिन’ टळला, तो शब्द खोडल्यामुळे नव्हे. काम आणि मजुरी मिळाल्यामुळे. बीडच्या खेड्यांतील वृद्ध माणसे आजही त्या वर्षाला ‘बहात्तरचा दुष्काळ’ असेच म्हणतात, ‘बहात्तरची टंचाई’ म्हणत नाहीत.

शब्द बदलल्याने जबाबदारीही बदलते, हे पुढील काळात दिसून आले. ‘टंचाईसदृश’, ‘दुष्काळसदृश’ अशी संस्कृतप्रचुर विशेषणे सरकारी कागदांत रूढ झाली. 2016 च्या मे महिन्यात, मुंबई उच्च न्यायालयापुढे हा विषय असताना, शासनाला ‘सदृश’ हे शेपूट काढून सुमारे 29 हजार गावांत ‘दुष्काळ’ हा स्पष्ट शब्द वापरावा लागला. पुढे 2023 च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. त्यांत बीड जिल्ह्यातील वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई हे तालुके होते. इतरत्र अनेक महसूल मंडळांच्या वाट्याला नंतर ‘दुष्काळसदृश’ हा शब्द आला. राज्याच्या सवलती त्यांनाही लागू झाल्या. परंतु केंद्राच्या 2016 च्या संहितेनुसार राष्ट्रीय आपत्ती निधीची वाट ‘गंभीर’ ठरलेल्या दुष्काळातूनच जाते. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे जमीन सारखीच भेगाळलेली असते, शब्द तेवढा वेगळा असतो.

या शब्दावर काय काय अवलंबून असते, हे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी यांनी ध्यानात घेतले पाहिजे. जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत आणि शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्काची माफी, हे सर्व त्या एका घोषणेमागून येते. वहीत ‘स्कॅर्सिटी’चा अर्थ लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे स्वतःचे परीक्षा शुल्क त्याच शब्दाशी बांधलेले असावे आणि त्याला त्याची कल्पनाही नसावी, याला शिक्षण म्हणणे कठीण आहे.

आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीने पावन झालेल्या अंबाजोगाईच्या या जिल्ह्याला शब्दांचे मोल नव्याने सांगण्याची गरज नाही. तथापि इंग्रजी शब्दाची भीती आणि त्याचे अवाजवी कौतुक, दोन्ही येथे भरपूर आहेत. प्रतिशब्द पाठ केला की शब्द आला, ही समजूत दोन्हींच्या मुळाशी आहे. वास्तविक शब्दाचा अर्थ कोशात सुरू होतो आणि वापरात पूर्ण होतो. तो कोण वापरतो, कोणत्या वेळी वापरतो आणि वापरल्यावर त्याच्यावर कोणते देणे लागू होते, हे कळल्याशिवाय शब्द कळला असे म्हणता येत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी एखादा तास पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून दुष्काळाचा शासन निर्णय आणि केंद्राची संहिता वर्गात शब्दशः वाचून घेतली, तर त्या एका तासात इंग्रजी, अर्थशास्त्र आणि नागरिकशास्त्र हे तिन्ही विषय शिकवून होतील. पुढील घोषणेच्या वेळी गावाच्या वाट्याला कोणता शब्द आला, हे मग विद्यार्थीच आपल्या वडिलांना वाचून दाखवील आणि तो शब्द का आला, असे कचेरीत जाऊन विचारू शकेल.