पाव इंचाचा हिशेब
दाराच्या चौकटीसाठी वखारीत गेलो. 7 फुटी दोन उभ्या, साडेतीन फुटी एक आडवी. एकूण साडेसतरा फूट. जाडी-रुंदी 5 बाय 3 इंच. 5 गुणिले 3 गुणिले 17.5, भागिले 144 म्हणजे 1.82 घनफूट. बिल तेवढ्याचेच झाले. घरी सुताराने टेप लावली, रंधा मारायच्या आधीच लाकूड पावणेपाच बाय पावणेतीन! पाव-पाव इंचात जवळपास 13 टक्के लाकूड गेले.

"करवतीत जातं भाई, रिवाज आहे." जाते, मान्य. पण गोल ओंडका विकत घेताना हाच धंदा घेराच्या चौथाईचा वर्ग करून लांबीने गुणतो. त्यात खऱ्या घनफळाच्या 78.5 टक्केच मोजले जाते. घट तिथेच धरलेली असते. घेताना सूट, देताना मात्र कमी. सूरह अल-मुतफ्फिफीन याच दुटप्पीपणावर आहे, आणि आपल्यातले वखारवालेही ती नमाजमध्ये पढतात.

करवतीची घट दरात लावा, दर वाढला तरी चालेल. मापात लपवू नका. गिऱ्हाईकानेही कापलेल्या लाकडाचे माप बिलावर लिहून मागावे आणि रंध्यात गेलेले वखारवाल्याच्या माथी मारू नये.