नर्स फाटकाच्या आत, कोयता बाहेर

दिवाळी उलटली की नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पाड्यांवरून आणि डांगच्या डोंगरांतून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीकडे निघतात. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. ती फेडायला नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि उन्हाळ्यापर्यंत राबतो. बारडोलीजवळच्या बाबेन येथील खेडूत सहकारी साखर मंडळी १९५०च्या दशकात उभी राहिली. आशियातल्या मोठ्या साखर कारखान्यांत तिचे नाव घेतले जाते आणि आसपासच्या तालुक्यांतही सहकारी कारखान्यांचे जाळे आहे. कारखाने अधिनियम, १९४८च्या कलम ४५ने पाचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात रुग्णवाहिका कक्ष सक्तीचा केला होता. त्याची जबाबदारी नियमांत ठरवलेल्या वैद्यकीय आणि परिचर्या कर्मचाऱ्यांकडे होती. हा पाचशेचा आकडा मोजायचा तो मात्र आतल्या माणसांचा. कारखान्याच्या गव्हाणीत पडणारी प्रत्येक मोळी ज्यांनी तोडली, बांधली आणि डोक्यावरून वाहिली, ते कोयते या मोजणीत कुठेच नाहीत. नर्स कारखान्याच्या फाटकाला जोडायची की कामाला, हा आता राज्याच्या नियमांपुढचा प्रश्न आहे. माझ्या मते ती कामाला जोडली पाहिजे.

आतल्या नर्सलाही कायद्याने फारसे स्थान दिलेले नाही. धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत (साखर कारखान्याला लागून असणारी डिस्टिलरी त्यांत येते) व्यवसायजन्य आरोग्य केंद्र असावे लागते. तिथल्या डॉक्टरने औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला असावा, अशी अपेक्षा असते. नर्स ‘पात्र’ असली की पुरते. कलम ८९ने व्यवसायजन्य आजाराची खबर कारखाना निरीक्षकाला देण्याचे कर्तव्य दोघांवर टाकले होते, व्यवस्थापक आणि उपचार करणारा डॉक्टर. नव्या व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेच्या कलम १२मध्येही मालक आणि डॉक्टर अशीच जोडी आहे. उसाच्या चिपाडाच्या बुरशीट धुळीने फुप्फुसे खराब होतात. त्या आजाराला बगॅसोसिस म्हणतात आणि नुकसानभरपाईच्या कायद्याने तो व्यवसायजन्य मानला आहे. पण चिपाडाच्या ढिगावर काम करणारा माणूस खोकत येतो तेव्हा त्याला पहिल्यांदा पाहते ती नर्स. तिने गोळ्या द्याव्यात, रजिस्टर भरावे आणि गप्प बसावे, एवढेच कायद्याला अपेक्षित आहे.

फाटकाबाहेर तर रजिस्टरही नाही. पडावावर, म्हणजे टोळीच्या मुक्कामावर, कोयत्याची जखम होते, साप चावतो, उन्हाने माणूस कोसळतो, बाई बाळंत होते. हंगाम संपला की टोळी राज्य ओलांडून परत जाते आणि दुखणेही तिच्याबरोबर जाते. न नोंदलेल्या दुखण्याचे पुढे काय होते, हे महाराष्ट्राने बीडमध्ये पाहिले आहे. २०१९मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा त्रास, खाडा, खाड्याचा दंड आणि त्यावर शस्त्रक्रियेचा सल्ला, ही साखळी वर्षानुवर्षे चालू होती. पडावावर कुणी शिकलेली बाई दर आठवड्याला वही घेऊन गेली असती, तर हा आकडा इतका फुगेपर्यंत लपून राहिला नसता. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा आणि एल साल्वादोरच्या ऊसपट्ट्यात, तरुण तोडकऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत असल्याचे उघड झाले ते रक्ताच्या तपासण्या आणि नोंदी झाल्यामुळेच. त्यानंतर पाणी, सावली आणि विश्रांती या तीन साध्या गोष्टी तिथल्या काही मळ्यांच्या कामाच्या वेळापत्रकात आल्या.

हे आत्ताच बोलायला हवे, कारण नियमांची पाटी पुन्हा लिहिली जात आहे. गुजरात विधानसभेने सप्टेंबर २०२५मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती केली. त्यामुळे आठवड्याची ४८ तासांची मर्यादा ठेवून दिवसाचे काम बारा तासांपर्यंत नेण्याची मुभा मिळाली, जादा कामाची तिमाही मर्यादा ७५ तासांवरून १२५ तासांवर गेली आणि स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळी खुली झाली. पाळी लांबली, पण त्या प्रमाणात नर्स वाढवावी, असे या दुरुस्तीच्या चर्चेत ऐकू आले नाही. २१ नोव्हेंबर २०२५पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि बरेचसे तपशील राज्यांच्या नियमांवर सोडले गेले. परिचर्येच्या कायद्याचीही पाटी पुन्हा लिहिली जात आहे. १९६०पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते आणि दोन्हीकडच्या नर्सची नोंदणी एकाच कायद्याखाली होई. पुढे महाराष्ट्राने १९६६मध्ये आणि गुजरातने १९६८मध्ये स्वतंत्र कायदे केले. आता राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा, २०२३ने पुन्हा देशभराचे एक नोंदपुस्तक मांडले आहे. म्हणजे नंदुरबारची, अहिराणी-भिली जाणणारी नर्स बारडोलीच्या पडावावर नेमायला कागदाची अडचण पूर्वीइतकी राहू नये. भाषा कळणारी नर्स ही चैन नव्हे. कळा कुठे येतात हे बाईने परक्या भाषेत कसे सांगावे?

कारखानदार म्हणतील, तोडकरी आमचे नोकर नाहीत, ते मुकादमाचे. कायद्याच्या कागदावर हे टिकेलही. पण कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी तोड घालायची हे कारखान्याचा शेतकी विभाग ठरवतो, टोळीला पडावही तिथेच मिळतो आणि मजुरीचा दर टनावर, कारखान्याच्या काट्यावर, ठरतो. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकातच बारडोलीच्या या रचनेचा अभ्यास मांडला. ज्याच्या हातात वेळापत्रक, त्याच्याकडे जबाबदारी, हे तत्त्व अवघड नाही. स्थलांतरित कामगाराच्या गंभीर अपघाताची खबर दोन्ही राज्यांना द्यावी, असे आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या १९७९च्या कायद्यातही होते आणि संहितेतही आहे. दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खोटा नाही, सहकारी कारखान्याचा खर्च शेवटी ऊस उत्पादकाच्या दरातून जातो. पण महाराष्ट्राने गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये कारखान्यांकडून घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असा रस्ता काढला आहे. महामंडळाच्या कारभारावर टीका पुष्कळ झाली, तरी पैसा टनाशी बांधण्याची कल्पना चांगली आहे.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो आणि तो ऐकण्यासारखा आहे. निदान हे नर्सचे काम नाही, चुकीची नोंद माणसाची रोजी घालवू शकते. खरे आहे, म्हणून तिला निदानाचा नव्हे, तर कळवण्याचा अधिकार द्यावा आणि तपासणी डॉक्टरने करावी. २०१८पासून केंद्र सरकारच्या योजनेत आरोग्य उपकेंद्रांवर सहा महिन्यांचे प्रशिक्षण दिलेल्या परिचारिकांना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नेमले जाते. त्या रक्तदाब, मधुमेह तपासतात, नोंद ठेवतात, पुढे पाठवतात. सरकारी केंद्रात जो विश्वास तिच्यावर टाकता येतो, तो उसाच्या फडात का टाकता येऊ नये? उलट कारखान्याच्या पगारावरच्या नर्सला खबर देण्याचे धैर्य कायद्याने दिले नाही, तर ते दुसरे कोण देणार? पगार देणाऱ्याविरुद्ध लिहिण्याची जोखीम एकटीच्या अंगावर टाकणे न्याय्य नाही, म्हणून तिच्या बदली-बडतर्फीवर निरीक्षकाच्या संमतीची अट हवी.

गुजरातने आपल्या नियमांत तीन वाक्ये घालावीत. कारखान्यासाठी तोड करणारा प्रत्येक कोयता आरोग्यसेवेच्या मोजणीत धरावा, ठरावीक कोयत्यांमागे पडावावर जाणारी एक नर्स असावी आणि तिची नोंद कामगार ज्या जिल्ह्यातून आला त्या जिल्ह्याच्या आरोग्य विभागाकडेही जावी. हे मागणे गांधीनगरला मुंबईहूनही गेले पाहिजे, कारण त्या पडावांवरच्या अनेकांचे मतदान नवापूर, साक्री आणि अक्कलकुव्यात आहे.