शिल्लक राहिलेली शहरे

परदेशच्या प्रवासाचा बेत घरात शिरला, की सर्वांत आधी एक यादी जन्माला येते. ती कोणी केली आणि कधी केली, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या घरची यादी विजेच्या बिलाच्या पाठीवर होती आणि तिच्यात आठ नावे होती : लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, कलोन, ल्युसर्न, व्हेनिस आणि रोम. दिवस १४. उतारू चार, त्यांतली एक आठ वर्षांची, दुसरा सव्वाचार वर्षांचा, आणि उरलेले दोघे या दोघांना सांभाळणारे.

प्रवास आगगाडीने करायचा, एवढे मात्र पहिल्यापासून पक्के होते. हिंगणघाटच्या मुलांना आगगाडी नवी नाही. दिल्ली-चेन्नईचा हमरस्ताच आमच्या दारावरून जातो, आणि आमचे चिरंजीव जेवायला बसत नाहीत तेव्हा त्यांना फलाटावर नेऊन मालगाडीचे डबे मोजायला लावण्याचा उपाय अजून कधी फसलेला नाही. सहल कंपन्यांच्या बसमध्ये मुलाला पट्ट्याने बांधून बसवावे लागते. आगगाडीत ते चालते-फिरते, खिडकी बदलते, आणि ‘लागली’ म्हटले तर कोणाला गाडी थांबवावी लागत नाही. ज्याने लहान मुलांसह बसचा प्रवास केला आहे, त्याला यातले सुख समजावून सांगायला नको.

यादीची बातमी गावात पसरली तेव्हा आठ नावेही लोकांना कमी वाटली. आमचे शेजारी कापसाच्या व्यापारातले, मोजून-मापून बोलणारे. ते म्हणाले, “एवढा पैसा लावून चाल्ले ना सर, तं सारंच पाहून घ्या ना जी! पुन्हा कोन जाते?”

‘पुन्हा कोन जाते?’ या तीन शब्दांत आपल्या प्रवासाचे सगळे तत्त्वज्ञान सामावलेले आहे. आपल्याकडे लांबचा प्रवास म्हणजे यात्रा. काशीला जायचे ते आयुष्यात एकदा. गेल्यावर प्रयाग आणि गया सोडून यायचे नाही. तेव्हाच्या माणसाचे ते बरोबरच होते. बैलगाडीने निघणाऱ्याला परतण्याचीच खात्री नसे, मग पुन्हा जाण्याची कुठली? पण त्या यात्रेला माणूस निघे तो मुलेबाळे मार्गी लावून. चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन त्रिस्थळी करण्याचा हट्ट कोणी धरीत नव्हते. आपण मात्र यात्रेची हाव तेवढी ठेवली आणि बरोबर मुले घेतली.

एका रात्री उत्तरपत्रिका बाजूला ठेवून मी आणि सौ. हिशेबाला बसलो. आठ शहरे म्हणजे सात स्थलांतरे. एका स्थलांतराला काय लागते? सकाळी सामान बांधणे, मुलांना खाऊ घालणे, हॉटेल सोडणे, स्टेशन गाठणे, तीन-चार तासांची गाडी, नव्या गावात नवे हॉटेल शोधणे. आणि तेथे पोचेपर्यंत धाकट्याची झोप मोडलेली व थोरलीची भूक खवळलेली. गाडी चारच तासांची असली, तरी मुलांसह तो दिवस संपतो. म्हणजे १४ दिवसांतले ७ गाड्या बदलण्यात गेले, २ विमानात गेले, आणि उरलेल्या ५ दिवसांत ८ शहरे! हे पाहणे नव्हे, हजेरी लावणे झाले. वर्गात हजेरी लावून निघून जाणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल ज्याचे मत ठाम आहे, त्याने युरोपात जाऊन तेच कसे करावे?

मग कात्री लागली. पहिल्याने लंडन गेले. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. शेंगेनच्या व्हिसावर तिकडे जाता येत नाही. लंडन ते पॅरिस समुद्राखालच्या बोगद्यातून गाडी अडीच तासांच्या आत जाते; १९९४ साली उघडलेला हा बोगदा सुमारे ५० किलोमीटर लांबीचा आहे. मुलांना तो आवडला असता. आणि मलाही लंडन हवे होते, पण बोगद्यासाठी नव्हे. तेथे ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे दप्तर आहे. मराठी शिकवणाऱ्याला तेथे आठ दिवस शांत बसायला मिळावे, ही माझी एम.ए. झाल्यापासूनची इच्छा. पण चार वर्षांच्या मुलाला घेऊन कोणी दप्तरखान्यात बसत नाही. ते नाव मी स्वतःच्या हाताने खोडले. सौ.ने काही विचारले नाही. नुसता चहा टाकला.

शेवटी तीन नावे राहिली : पॅरिस ५ रात्री, ल्युसर्न ४, व्हेनिस ३. पॅरिसला उतरायचे आणि व्हेनिसहून परतायचे, म्हणजे आल्या वाटेने मागे जायला नको. तीन शहरांचा आणखी एक फायदा व्हिसाच्या वेळी कळला. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा असा नियम आहे. मुक्काम सारखेच असतील, तर ज्या देशात आधी पाऊल पडेल तिकडे. आमच्या पाच रात्री पॅरिसच्या, म्हणून अर्ज फ्रान्सकडे. मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे, आणि सहाच्या आतल्यांना काहीच नाही. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा मात्र चौघांनाही हवा. अर्ज जाण्याच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुले असलेल्यांनी शेवटच्या पंधरवड्याची वाट पाहू नये.

तिकिटांचा न्याय आपल्या उलटा आहे. आपल्याकडे भाडे बहुधा ठरलेले आणि जागा अनिश्चित. तिकडे जागा बहुतेक मिळते, पण भाड्याचा भरवसा नाही. जितके आधी काढाल तितके स्वस्त. युरोपभर चालणारा युरेल पास आहे. त्यात मोठ्या माणसाबरोबर ४ ते ११ वर्षांच्या दोन मुलांना फुकट पास मिळतो. पण फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पास असूनही जागेचे आरक्षण पैसे देऊन करावे लागते, मुलांचेसुद्धा. रोज गाडी बदलणाऱ्याला पास परवडतो. तीन शहरांना सुटी तिकिटेच बरी. स्वित्झर्लंडचे निराळे. तेथे सहाच्या आतले मूल फुकट, आणि आईबापांकडे स्विस ट्रॅव्हल पास असेल तर सोळाच्या आतली मुलेही फुकट. त्याच पासात तळ्यातली बोट येते आणि रिगी डोंगरावर दात्यांच्या रुळांवरून चढणारी, १८७१ पासून चालणारी गाडीही येते.

पॅरिसबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुंबईत जसे बोरीबंदर वेगळे आणि मुंबई सेंट्रल वेगळे, तशी तेथे दिशादिशांची स्टेशने वेगळी आहेत. स्वित्झर्लंडकडची गाडी गार द ल्यों येथून सुटते. फलाटाचा नंबर गाडी सुटण्याच्या थोडाच वेळ आधी फळ्यावर लागतो आणि दारे वेळेच्या दोन मिनिटे आधी बंद होतात. वर्ध्याला चालत्या गाडीत चढण्याचे आमचे कौशल्य तेथे निरुपयोगी. आणि हमालही नाहीत. म्हणून आमचा सामानाचा नियम साधा आहे : मोठ्या माणसाला हात दोन, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात मूल. तिसरी पेटी नाही. चढताना आधी एक मोठा, मग मुले, मग सामान, शेवटी दुसरा मोठा. कोणी फलाटावर राहिलेच, तर त्याने तेथेच उभे राहायचे आणि गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनावर उतरायचे. मुलांच्या खिशात हॉटेलचा पत्ता आणि आमचे फोन नंबर. संकटाचा नंबर ११२. तो आता आपल्याकडेही तोच आहे, त्यामुळे थोरलीने एका दिवसात पाठ केला.

ल्युसर्नमधला एक दिवस केवळ आगगाडीसाठी राखला आहे. गोट्टहार्डखालून २०१६ साली ५७ किलोमीटरचा बोगदा सुरू झाला. जगातला हा सर्वांत लांब रेल्वे बोगदा. आम्ही इटलीला जाऊ ते त्यातूनच. पण वरचा १८८२ सालचा जुना घाटमार्गही चालू आहे. चढ जमावा म्हणून तेथे रूळ डोंगराच्या पोटात गोल वळसे घेतात, आणि त्यामुळे वासेन गावचे एकच देऊळ, म्हणजे चर्च, गाडीतून तीनदा दिसते. तिन्ही वेळा वेगळ्या उंचीवरून. चिरंजीवांना हे सांगितल्यापासून त्यांना पॅरिसच्या मनोऱ्यात रस राहिलेला नाही. व्हेनिसमध्ये तर गाडी पाण्यावरच्या पुलावरून शहरात जाते आणि स्टेशनाच्या पायऱ्या उतरल्या की समोर कालवा. बस म्हणजे बोट. मात्र पुलोपुली पायऱ्या आहेत, म्हणून बाबागाडी घरीच ठेवायची.

काळ आम्ही मेची अखेर आणि जूनचा पूर्वार्ध धरला आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. तोवर तिकडच्या शाळांना बहुतेक ठिकाणी मोठी सुटी लागलेली नसते. पंचेचाळीस अंशांतून निघालेल्या मुलांना तिकडचा उन्हाळा थंडीसारखा वाटेल, तेव्हा स्वेटर हवेत. शिवाय जूनमध्ये पॅरिसला रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ‘अजून उजेड आहे’ म्हणणाऱ्या मुलाला झोपवण्यासाठी खिडकीला जाड पडदा असलेली खोली पाहावी.

शिदोरीचे खाते आईकडे आहे. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेण्यास मनाई असल्याने पेढे बाद झाले. वर्ध्याचा गोरसपाक नेता येईल की नाही, यावर बराच खल झाला. तो बिस्किटासारखा भाजलेला खरा, पण नावातच गोरस! अधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा तो मुंबईपर्यंतच्या गाडीत संपवावा, असा निकाल आईने दिला. चिवडा आणि शेंगदाण्याची चटणी मात्र येणार.

लहान मुलाला घेऊन दूर जाणे मराठी माणसाला नवे नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. त्या बाई शिकायला गेल्या होत्या. शहरे मोजायला नव्हे.

मोजणी करणारा एक प्रवासी आमच्याच गावात विसावला आहे. विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. दक्षिणेतून एकेक टेकडी करीत तो उत्तरेकडे सरकत राहिला आणि हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटात वारला. त्याची कबर येथे आहे. पुढची रेघ एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. वीस वर्षे खपलेल्या माणसाची रेघ हिंगणघाटपर्यंतच आली, म्हणून ती वाया गेली असे कोणी म्हणत नाही. जेवढी मोजली तेवढी चोख मोजली होती, म्हणूनच दुसऱ्याला पुढे जाता आले.

शेजाऱ्यांना तीन शहरांचा बेत सांगितला, तेव्हा ते हळहळले. पाच शहरांचे नुकसान त्यांना स्वतःचे वाटले. व्यापाऱ्याच्या भाषेत मी त्यांना एवढेच म्हणालो, की ती बुडाली नाहीत, शिल्लक आहेत.

विजेच्या बिलावरची ती खोडलेली नावे थोरलीने आपल्या वहीत उतरून घेतली आहेत : लंडन, ब्रुसेल्स, ॲम्स्टरडॅम, कलोन, रोम. ब्रुसेल्सचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहे. एरवी मी ते तपासून दिले असते. पानाच्या वर तिने नाव घातले आहे, ते तिचे एकटीचे.