पेटीवरचे नाव आणि पावतीवरची शाई



वार्षिक सभेचा अहवाल हाती आला की आपण पहिल्यांदा उसाचा भाव पाहतो, मग साखर उतारा, मग कर्जाचा आकडा. ‘छपाई व स्टेशनरी’ या ओळीकडे सहसा कोणाची नजर जात नाही. गेलीच तर एखादा सभासद उठून विचारतो, “काय हो, हापिसात शाई पिता की काय?” सभा हसते आणि विषय संपतो. परंतु हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही असे माझे मत आहे. प्रिंटरमध्ये कंपनीचेच कार्ट्रिज घालायचे, दुसऱ्या कोणी बनवलेले घालायचे, की रिकामे झालेले भरून आणायचे, हा प्रश्न दिसायला कारकुनी आहे. पण त्यात सभासदाचा पैसा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सभासदाचा पुरावा आहे.

पुराव्याचे आधी सांगतो, कारण ते मी स्वतः भोगले आहे. एका उन्हाळ्यात चाकणच्या बाजारात कांदा नेला. वाटेत रस्त्याकडेच्या एका खाजगी काट्यावर गाडी तोलली, पावती घेतली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. दिवसभर उन्हात हमालांबरोबर उभा होतो. पुढे वजनावरून वाद निघाला तेव्हा पावती उलगडली, तर घामाने शाई पसरून निळा डाग झालेला. शेवटचा आकडा तीन की आठ, हे माझे मलाच सांगता येईना. पाच क्विंटलांचा फरक मुकाट्याने सोसला. काटा खोटा नव्हता, माणूसही खोटा नव्हता; शाई कुचकामी होती.

आता हेच उसाच्या पावतीला लावून बघा. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांच्या आत त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि त्यापुढे थकले तर सालीना १५ टक्के व्याज लागू होते. हे १४ दिवस मोजायचे कुठून? काट्याच्या पावतीवरच्या तारखेपासून. वजन किती धरायचे? पावतीवरच्या आकड्यावरून. अनेक ठिकाणी आता मोबाइलवर वजनाचा संदेश येतो हे खरे, पण फोन पाण्यात पडतो, पोरं संदेश पुसून टाकतात, आणि भांडणाच्या वेळी समोरचा म्हणतो, “कागद दाखवा.” वर्षभराची मेहनत ज्या चिटोऱ्यावर येऊन बसते, त्यावरची शाई टिकली पाहिजे, एवढी मागणी काही फार मोठी नाही.

मग सगळीकडे कंपनीचाच माल वापरा म्हणजे झाले, असे काही मंडळी म्हणतील. तिथे मात्र माझी गाडी अडते. या धंद्याची रीत म्हणजे आवळा देऊन कोहळा काढणे. प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि पुढची पाच वर्षे शाईवर नफा घ्यायचा. हिशेब आपणच करून पाहू. समजा नवीन कार्ट्रिज ६००० रुपयांना पडले आणि त्यात २००० पाने निघाली, तर पानाला ३ रुपये पडले. तेच रिकामे कार्ट्रिज ४०० रुपयांत भरून आणले आणि त्यात १२०० पानेच निघाली, तरी पानाला ३३ पैसे पडतात. बाजारात दर वरखाली होतील, पण अंतर असे दांडगे आहे. डब्यावर लिहिलेला पानांचा आकडासुद्धा पानाचा जेमतेम ५ टक्के भाग काळा होईल असे धरून काढलेला असतो. आपली उसाच्या बिलांची पाने आकड्यांनी गच्च भरलेली. तिथे तेवढी पाने निघतील या भरवशावर राहू नये.

बरे, गिऱ्हाइकाने दुसरीकडून शाई घेऊ नये म्हणून कंपन्यांनी कुलपेही लावली. कार्ट्रिजवर छोटी चिप बसवतात. ती ओळखीची नसली की यंत्र रुसून बसते. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपी कंपनीच्या काही प्रिंटरांनी जगभर एकाएकी परकी कार्ट्रिज नाकारली. काल चालत होती ती आज चालेनात. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये याच कंपनीला १ कोटी युरो दंड केला, कारण ही अडकाठी गिऱ्हाइकाला आधी नीट सांगितली नव्हती. अमेरिकेत लेक्समार्क कंपनीने कार्ट्रिज भरून विकणाऱ्याला कोर्टात खेचले होते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी निकाल दिला की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. घेणारा ती भरील, विकील, त्याची मर्जी. आपल्या साध्या भाषेत, बैल विकल्यावर त्याला कोणाचा कडबा घालायचा हे जुन्या मालकाने सांगू नये.

हे परदेशचे झाले. आपल्या दारातलेही उदाहरण आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेरच्या गॅरेजवाल्याला दुरुस्तीची माहिती न देणे, हा ठपका होता. त्या यादीत टाटा होती, महिंद्र होती, मर्सिडीज आणि फोक्सवॅगन होती. ज्यांची धुराडी आणि गोदामे आपल्याला पिंपरीपासून चाकणपर्यंत रोज दिसतात, तीच ही नावे. कंपन्या पुढे अपिलात गेल्या, तो भाग निराळा. पण गाडीचा पार्ट काय आणि प्रिंटरची शाई काय, प्रश्न एकच आहे: विकत घेतलेली वस्तू माझी की अजून तुमची? केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, त्यात गाड्या आणि मोबाइल यांच्याबरोबर शेतीची अवजारेही घेतली आहेत. तेव्हा हा शहरातल्या बाबू लोकांचाच प्रश्न आहे असे समजू नये.

आणि आपल्या भागातल्या माणसाला पेटीवरच्या नावाची भुरळ पडण्याचे तसे कारणच नाही. भोसरी, महाळुंगे, निघोजे, खराबवाडी इकडच्या शेडमध्ये आपल्यातल्या कित्येकांची पोरं लेथवर आणि प्रेसवर उभी आहेत. जो पार्ट कंपनीच्या खोक्यात ‘अस्सल’ म्हणून शोरूममध्ये जातो, तो अनेकदा अशाच शेडमध्ये तयार झालेला असतो, हे त्यांना पक्के माहीत आहे. पण तीच पोरं आणखी एक गोष्ट सांगतील. एकाच यंत्रावर निघालेल्या शंभर नगांतले तपासणीत पास झालेले तेवढेच खोक्यात जातात. नापास झालेला नग भंगारात गेला पाहिजे, आणि तो भंगारात न जाता मागच्या दाराने बाजारात आला की घात होतो. म्हणजे फरक नावाने पडत नाही, तपासणीने पडतो. माझे सगळे म्हणणे या एका वाक्यात आहे. कंपनी तपासणीचे पैसे घेते. आपण जर बाहेरचा माल घेणार असू, तर तपासणी आपण केली पाहिजे. तपासणीही करायची नाही आणि स्वस्तही पाहिजे, हे चालणार नाही.

येथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती सोडवून घेऊ. पहिली, भरून आणलेले कार्ट्रिज: जुनेच डबडे, आत नवी पूड किंवा शाई. दुसरी, तिसऱ्याच कारखान्याने स्वतःच्या नावाने बनवलेले जोडीचे कार्ट्रिज. या दोन्ही गोष्टी उघड आहेत, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. तिसरी मात्र बनावट: आत भलताच माल आणि वर हुबेहूब कंपनीचे खोके. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. इथे आपण दर देतो अस्सलचा आणि घेतो नक्कल. म्हणजे दोन्हीकडून बुडतो. तो ट्रेडमार्क कायद्याने गुन्हाही आहे. अर्ध्या दरात ‘ओरिजिनल’ देणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

आता कोणत्या यंत्रात काय चालते ते पाहू. काट्यावर बहुधा ठोके देऊन छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतो, कारण कार्बनच्या दोन-तीन प्रती एकदम काढायच्या तर कागदावर ठोकाच लागतो. त्याच्या रिबनला पुन्हा शाई लावता येते. पण ती तेलकट, त्याच कामाची शाई हवी, कारण तीच पिनांना वंगणही घालते. भलती शाई घातली की पिना अडकतात, आकड्याची एखादी रेघ उमटत नाही, आणि आठाचा तीन होतो. त्यात बगॅसची धूळ असतेच. कचेरीतला लेझर प्रिंटर पुडीवर चालतो. ही पूड म्हणजे बारीक प्लॅस्टिक. ती उष्णतेने वितळून कागदाला चिकटते, म्हणून पाण्याने पसरत नाही. मात्र हलकी पूड नीट वितळत नाही आणि घडीवर खरवडून निघते. भरणाऱ्याने जुनी वाया गेलेली पूड काढली पाहिजे, आणि पानावर उभ्या रेघा दिसू लागल्या की ड्रम व ब्लेड बदलले पाहिजे. तेच डबडे दहादा भरायचे नसते. ओल्या शाईच्या प्रिंटरमध्ये एक गोष्ट आधी विचारून घ्यावी: शाई फवारणारे तोंड कार्ट्रिजमध्ये आहे की यंत्रात? कार्ट्रिजमध्ये असेल तर खराब शाईने फार तर कार्ट्रिज जाईल. यंत्रात असेल तर यंत्रच बसेल, आणि चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला होईल.

गिऱ्हाइकांनी एकजुटीने शहाणपणा दाखवला तर कंपनीही वाकते, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे आणि आशियातल्या इतर देशांत लोकांनी प्रिंटरला बाहेरून बाटल्या आणि नळ्या जोडून स्वस्तात छपाई सुरू केली. शेवटी एप्सन कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात बाटलीने शाई भरायच्या टाकीचाच प्रिंटर काढला, आणि पुढे तो भारतातही आला. पाठोपाठ इतर कंपन्याही त्या वाटेने गेल्या. कालपर्यंत जो उद्योग वाईट म्हणून सांगितला जात होता, तोच आज जाहिरातीत झळकतो.

म्हणून संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे माझ्या चार सूचना आहेत. एक, कागदांचे दोन भाग करावेत. काट्याची पावती, उसाचे बिल, शेअर दाखला आणि ठेवीची पावती हा जपायचा कागद. नोटिसा, हजेरी आणि रोजची टिपणे हा वाया जाणारा कागद. वाया जाणाऱ्या कागदाला बिनधास्त भरलेले कार्ट्रिज वापरावे. जपायच्या कागदाला परीक्षेत उतरलेलाच माल वापरावा, मग तो कंपनीचा असो वा बाहेरचा. दोन, परीक्षा साधी आहे. छापलेला कागद ओल्या बोटाने पुसावा, घडी घालून नखाने घासावा, आणि पंधरा दिवस उन्हात टांगून ठेवावा. आकडा वाचता आला तर पास. तीन, प्रत्येक कार्ट्रिजची नोंदवही असावी: कधी घातले, काय दर, किती पाने निघाली, कोणी भरले. वर्षाअखेरीस पानाला किती पैसे पडले तो आकडा अहवालात छापावा. चार, रिकामी कार्ट्रिज उकिरड्यावर टाकू नयेत. ई-कचऱ्याच्या नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचेही नाव आहे. ती नोंदणी झालेल्या संस्थेलाच द्यावीत.

या सूचनांना उत्तर म्हणून कोणी म्हणेल, “एवढ्याशा शाईसाठी नोंदवही कशाला?” त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो अशाच हिशेबावर. ऊस आमचा, तर भाव दुसऱ्याने का ठरवावा, हा प्रश्न शेतकऱ्याने विचारला आणि मग तराजू, वही, किल्ली सगळे आपल्या हाती घेतले. एकाच पेढीला बांधून राहायचे नाही, आणि स्वस्ताईच्या मागे लागून फसायचेही नाही, हा सहकाराचा धडा शाईलाही लागू आहे.

आणि सभासदांनीही एक काम करावे. काट्यावर पावती हाती पडली की ती खिशात कोंबण्याआधी उजेडात धरून वाचावी. आकडा फिका असेल तर तिथेच थांबून दुसरी प्रत मागावी. मागे गाड्यांची रांग लागली तरी लागू द्यावी. पावती गुळगुळीत, उष्णतेने छापलेल्या कागदावरची असेल तर तिच्यात शाई नसतेच, ती आपोआप उडते. घरी आल्याबरोबर तिची झेरॉक्स काढून ठेवावी. आपला ऊस आपण बारा-चौदा महिने राखतो. त्याची पावती पुढचा हप्ता पदरात पडेपर्यंत तरी टिकली पाहिजे.

– एक ऊस उत्पादक सभासद