उरलेली वॉरंटी कोणाच्या नावावर?

दसरा-दिवाळी तोंडावर आली की शहाड स्टेशनपासून कॅम्प १ पर्यंतच्या जुन्या गाड्यांच्या दुकानांत गर्दी वाढते. अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या इमारतींत राहायला आलेली नोकरदार मंडळी घर ते स्टेशन एवढ्याच कामासाठी दुचाकी शोधत असतात, आणि अलीकडे त्यांची पहिली चौकशी असते जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरची. पेट्रोलच्या गाडीला गिऱ्हाईक विचारायचं, 'ॲव्हरेज किती देते?' आता विचारतं, 'बॅटरीची वॉरंटी किती उरली?' आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर ठरलेलं आहे: 'आहे ना दादा, पुस्तक गाडीसोबतच देतो.'

हे उत्तर अपुरं आहे, आणि त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला बसतो. म्हणून या महिन्याचं संपादकीय त्यावरच.

आरसी आणि विमा यांच्या बाबतीत आपल्या धंद्याला शिस्त लागली, कारण तिथे कायद्याचा धाक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कलम १५७ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असंच मानलं जातं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र तसा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच 'कम्प्लीट इन्सुलेशन्स' खटल्यात स्पष्ट केलं. वॉरंटीला असा कुठलाच आधार नाही. ती कंपनीने पहिल्या मालकाशी केलेला करार असते. दुसऱ्या मालकाला तिच्यातलं काय मिळेल, किती मिळेल आणि कोणत्या अटीवर मिळेल, हे कंपनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवते. आरसी नावावर झाली म्हणून वॉरंटी नावावर होतेच असं नाही.

चारचाकीत हा फरक किती मोठा असतो ते पाहा. महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांच्या बॅटरीला आजीवन वॉरंटी दिली, पण ती पहिल्या खासगी मालकापुरती. गाडी विकली गेली की तीच वॉरंटी १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर एवढी उरते. एमजी विंडसरचंही तसंच: पहिल्या मालकाला आजीवन, पुढच्याला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. ही मुदत गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली त्या दिवसापासून मोजायची, तुमच्याकडून विकली गेली त्या दिवसापासून नव्हे. जुनी विंडसर 'बॅटरीला लाइफटाइम आहे' असं सांगून विकणारा माणूस गिऱ्हाइकाला कंपनीने न दिलेली गोष्ट विकत असतो. त्याने ते पुस्तक न वाचता सांगितलं असेल, तरी नुकसान तेवढंच होतं.

दुचाकीत गुंता जास्त आहे. ओलाने २०२४ च्या फेब्रुवारीत बॅटरीला ८ वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरची वॉरंटी जाहीर केली. एथरची 'एट सेव्हन्टी' तेवढ्याच मुदतीची, त्या काळात बॅटरीची क्षमता निदान ७० टक्के राहील अशा हमीची, पण ती वेगळे पैसे भरून घ्यावी लागते. म्हणजे एकाच मॉडेलच्या, एकाच महिन्यात विकलेल्या दोन स्कूटर तुमच्या दुकानात शेजारी उभ्या असतील आणि एकीची वॉरंटी संपत आलेली, दुसरीची पाच वर्षं बाकी असेल. गाडीकडे बघून ते कळत नाही, मूळ बिल आणि कंपनीच्या नोंदीवरूनच कळतं.

त्यात ही स्कूटर बहुधा पहिल्या मालकाच्या मोबाइल नंबरला जोडलेली असते. ॲपमधला मालक बदलला नाही, तर सर्व्हिसची नोंदणी, सूचना, ओटीपी सगळं जुन्या नंबरवर जातं. जुना मालक तोवर पुण्याला किंवा गावी गेलेला असतो आणि फोन उचलत नाही. तो दुकानात समोर बसलेला असताना, त्याचे पैसे द्यायच्या आधी, पाच-दहा मिनिटांत उरकलं असतं असं हे काम नंतर महिनोन्‌महिने रखडतं.

अजून एक गोष्ट पाहायची राहून जाते. बॅटरीवर तिचा स्वतःचा नंबर असतो. चेसिस नंबर आपण सगळेच टॉर्च लावून तपासतो, बॅटरीचा नंबर किती जण तपासतात? काढता येण्यासारखी बॅटरी मधल्या काळात बदललेली असेल, तर कंपनीच्या नोंदीतला नंबर आणि सीटखालचा नंबर जुळत नाही आणि क्लेम तिथेच अडतो. लेबल खरवडलेलं दिसलं, तर ती गाडी वॉरंटी नाही असं गृहीत धरूनच घ्यावी आणि तशीच विकावी. गाडी बनल्याचा महिनाही पाहावा. बॅटरीच्या सुरक्षेचं सुधारित मानक, एआयएस १५६, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झालं. त्याआधीच्या गाडीचा भाव ठरवताना हे ध्यानात हवं.

ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, २५० वॉटपेक्षा कमी ताकदीच्या स्कूटरना तर आरसीच नसते. त्यांची मालकी, वय, वॉरंटी या सगळ्यांचा पुरावा म्हणजे दुकानाचं मूळ बिल. ते नसेल तर हस्तांतर करायला हातात काहीच नाही, आणि हे गिऱ्हाइकाला सौदा ठरायच्या आधी सांगितलं पाहिजे.

आपल्या पट्ट्यात पाण्याचा प्रश्न वेगळाच आहे. २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या तारखा उल्हास नदीकाठच्या कुणालाही सांगाव्या लागत नाहीत. २०१९ च्या त्या दिवशी तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. अशा पुरात तळमजल्यावर उभ्या असलेल्या गाड्या पुढे कुठे जातात, हे धंद्यातल्या माणसाला माहीत आहे. पाण्यात बुडालेल्या गाडीचं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कार असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसली की वेगळ्या चौकशीची गरज नाही. स्कूटरचं फूटबोर्ड उघडून कनेक्टरच्या खोबणीत माती किंवा हिरवट गंज आहे का ते पाहा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या जॉब कार्डांची यादी मागवली, तर जुलै-ऑगस्टमधली एखादी मोठी दुरुस्ती तिथे लिहिलेली सापडते.

'एवढं सगळं करायला गाडी आमच्या नावावर कुठे असते?' असं काही जण म्हणतील. २२ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेने ही अडचण बरीच दूर केली आहे. १ एप्रिल २०२३ पासून आरटीओकडून अधिकारपत्र घेतलेला व्यापारी, गाडी ताब्यात आल्याची सूचना दिल्यावर, तिचा मानीव मालक ठरतो. ट्रिप रजिस्टर ठेवून दुरुस्ती, तपासणी वा ट्रायलसाठी गाडी रस्त्यावर नेण्याची त्याला मुभा आहे. म्हणजे एमएच ०५ ची गाडी दुकानात आल्यापासून विकली जाईपर्यंत ती सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट काढणं आणि कंपनीकडून उरलेल्या वॉरंटीचं लेखी उत्तर घेणं सहज जमण्यासारखं आहे. ज्यांनी अजून अधिकारपत्र घेतलं नाही, त्यांनी ते आधी घ्यावं.

कायद्याच्या बाजूनेही आपण उघडे आहोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालाबद्दल दिशाभूल करणारं विधान करणं आणि बिल न देणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. बॅटरी पेटून कुणाला इजा झाली आणि विक्रेत्याने कंपनीपेक्षा वेगळी, स्वतःची हमी दिलेली असेल, तर कलम ८६ त्याच्यावरही येऊ शकतं. गिऱ्हाइकाला आता कंपनीच्या गावी जावं लागत नाही, तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्याकडे ठाण्याला, तक्रार करता येते. काउंटरवर सहज म्हटलेलं 'मी आहे ना' हे वाक्य तिथे आपल्या अंगाशी येऊ शकतं.

वॉरंटी नावावर करून देण्याची शिस्त कशी असते ते अमेरिकेत पाहा: तिथे जुन्या बोटी विकताना अनेक कंपन्या वॉरंटी बदलून देण्यासाठी ठराविक दिवसांत अर्ज मागतात, बऱ्याचदा फीसुद्धा घेतात. मुदत चुकली की हक्क गेला. जुन्या मोटारींसाठी तिथे १९८५ पासून नियमच आहे: विकायला ठेवलेल्या गाडीच्या काचेवर वॉरंटी आहे की गाडी जशी आहे तशी घ्यायची, हे सांगणारा कागद लावायचा. कंपनीची वॉरंटी शिल्लक आहे का, हेही आता त्यावर दाखवता येतं. आपल्याकडे असा नियम येईपर्यंत थांबण्याचं कारण मला दिसत नाही. शहाड, कॅम्प १, अंबरनाथ आणि बदलापूरच्या दुकानदारांनी ठरवलं, तर या दिवाळीपासूनच तो कागद आपल्या काचांवर लागू शकतो.

त्यावर फार काही नको. पहिल्या विक्रीची तारीख, मीटर, बॅटरीचा नंबर, वॉरंटी दुसऱ्या मालकाला मिळते का आणि कोणत्या तारखेपर्यंत, हस्तांतराची फी कोण भरणार, ॲपमधलं नाव बदललं का, गाडी पाण्यात गेली होती का, आणि खाली दुकानाचा शिक्का व सही. एक प्रत गिऱ्हाइकाला, एक आपल्या फाइलला. वॉरंटी नसेल तर 'नाही' असं स्पष्ट लिहा आणि भाव त्याप्रमाणे लावा. वॉरंटी खरोखर असलेल्या गाडीला पाच पैसे जास्त मागायला मग संकोच वाटायचं कारण नाही.

या कागदाचा नमुना मराठी आणि सिंधीत छापून पुढच्या अंकासोबत देत आहोत. तोवर दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीचं मूळ बिल आणि बॅटरीचा नंबर एवढं तरी या आठवड्यात काढून ठेवा, आणि जुन्या मालकाचा शेवटचा हप्ता ॲपमधलं नाव बदलल्याशिवाय देऊ नका.