मोठी मादी समुद्रात राहू द्या

आजपासून आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. नाखवे, खलाशी, बाजारात बसणाऱ्या कोळणी, मासळीचे अभ्यासक आणि मासळीवाचून घास न उतरणारे लोक असे सगळे हिच्यात आहोत. आमचं म्हणणं एवढंच: मासेमारीचे नियम माशाचं आयुष्य बघून ठरवा. यंदा किती टन निघाले, एवढ्यावर ठरवू नका.

तारली वर्षभरात वयात येते, हजारोंनी अंडी टाकते आणि थोड्या वर्षांत संपते. केरळात २०१२ साली सुमारे ४ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ मध्ये ती ३,२९७ टनांवर आली. पुढच्या दोन वर्षांत तिने पुन्हा लाखाचा आकडा ओलांडला. समुद्र अनुकूल झाला की असा मासा लवकर सावरतो. बांगडाही याच वळणाचा.

न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाला हे जमलं नाही. तो वयात यायलाच पाच-सहा वर्षं घेतो. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारने त्याच्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. बंदी दोन वर्षांसाठी होती. ती उठायला २०२४ साल उजाडलं, आणि कॉड अजून पूर्वीसारखा नाही. थंड पाणी, खाद्याची टंचाई ही कारणं होतीच. पण साठा कोसळण्याआधीच तिथला कॉड कमी वयात, लहान अंगाने अंडी टाकू लागला होता. वर्षानुवर्षं मोठे मासे काढत राहिलं की लवकर वयात येणाऱ्यांचाच वंश मागे उरतो.

मुशी-पाकटांचं दुखणं याहून खोल आहे. मोबुला जातीच्या पाकटाची मादी एका वेळी एकच पिल्लू देते. तिथे हजारोंचा हिशेब चालतच नाही.

मग आपल्या घोळीचं काय? ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरच्या मुरबे गावच्या एका बोटीला १५७ घोळ मासे मिळाले. त्यांचे १ कोटी ३३ लाख रुपये आले. घोळीच्या भोताला, म्हणजे तिच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, सोन्याचा भाव आहे. त्या घरांत पैसा आला याचा आम्हाला आनंदच आहे. पण मोठ्या घोळीमागे जेव्हा सगळा किनारा लागतो, तेव्हा पुढच्या पिढीची आईच जाळ्यात येते. मोठ्या मादीची बरोबरी तेवढ्याच वजनाच्या लहान माद्या करू शकत नाहीत. कॉडचा हिशेब झालेला आहे: ३० किलोच्या एका मादीइतकी अंडी टाकायला दोन-दोन किलोच्या २८ माद्या लागतात, म्हणजे ५६ किलो मासळी.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला. पापलेटाला १३५ मिलिमीटर. हे पाऊल योग्य आहे आणि त्याची अंमलबजावणी बंदराबंदरावर दिसली पाहिजे. मात्र हा नियम पिल्लांना वाचवतो, आयांना नाही. जाळ्यातून वर आलेली घोळ बहुतेकदा मेलेलीच असते, तेव्हा ‘मोठी सोडून द्या’ म्हणून भागणार नाही. मोठे मासे अंडी टाकायला जिथे जमतात, त्या जागाच त्या काळात बंद ठेवाव्या लागतील. त्या जागा कोणत्या, हे कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना विचारल्याशिवाय नकाशा काढू नका. १ जून ते ३१ जुलैची पावसाळी मासेमारीबंदी सगळ्या जातींसाठी सारखी आहे, पण प्रत्येक माशाचा हंगाम सारखा नाही. आणि ज्याच्या बोटीचं उत्पन्न बुडेल, त्याला भरपाई आधी मिळाली पाहिजे, नंतर नाही.

खाणाऱ्यांनाही सांगणं आहे. गाबोळीने भरलेली मोठी सुरमई आली की पोट दाबून दाखवलं जातं आणि भाव चढतो. तो वाढीव भाव देणं आपण थांबवू या. बोटभर पापलेट घेऊ नका आणि का घेत नाही ते मावशींना तिथेच सांगा. आपल्या बंदरावरची पहिली बैठक तुम्ही बोलवा, आम्ही येतो.